मदत हवी आहे: ३०१८ सीएनसीवर सागवानी पाट्या आणि ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट होतील का?

सातारकर_अभि:
नमस्कार. गेल्या महिन्यात मी ३०१८ सीएनसीचा (संगणकाच्या आज्ञेने कोरणाऱ्या छोट्या टेबलावरच्या यंत्राचा) संच मागवून घरीच जोडला. सागवानी नावाच्या पाट्या कोरणे आणि ३ मिलिमीटर जाडीच्या पट्टीतून ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट कापणे, एवढ्या दोनच कामांसाठी यंत्र घेतले आहे. मात्र अक्षरांच्या कडा करपतात, ६० मिलिमीटरचे वर्तुळ आडवे ६० आणि उभे ५९.४ भरते, आणि ॲल्युमिनियमवर चार कटर मोडले. रविवारी पाटी द्यायची आहे. यंत्र सदोष आहे का, हे कृपया लवकर सांगा.

शिरोलीचा_मिलर:
कटरचा व्यास, धारा, आरपीएम (मिनिटाला फेरे), फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) आणि प्रत्येक पासची, म्हणजे एका फेरीत कापायची, खोली यांपैकी तुम्ही काहीच लिहिलेले नाही. त्याशिवाय दोष कुणाचा हे सांगता येणार नाही.

स्वतः_जोडा:
३०१८ विकून टाका. मी १६०५ बॉलस्क्रू (अक्ष सरकवणारे अचूक स्क्रू), नेमा २३ आकाराच्या मोटारी आणि २.२ किलोवॅटचा पाण्याने थंड होणारा स्पिंडल (कटर फिरवणारी मोटार) घेऊन स्वतः यंत्र उभारले आहे आणि ते ॲल्युमिनियम सहज कापते.

शिरोलीचा_मिलर:
तुमचे यंत्र उत्तम असेल, पण ते उभे राहायला किती काळ लागला, हेही सांगा. यांना रविवारी पाटी द्यायची आहे.

स्वतः_जोडा:
चौदा महिने लागले, त्यांतले चार केवळ गॅन्ट्री (स्पिंडल धरणारी आडवी कमान) काटकोनात आणण्यात गेले. तरीही माझे मत तेच आहे.

प्रकाशरेषा:
पाटीसाठी ५ वॅटचा डायोड लेझर बसवा, म्हणजे कटरचा प्रश्नच उरणार नाही.

सातारकर_अभि:
पाटीवरची अक्षरे उठावाची आहेत आणि भोवतालचे लाकूड ४ मिलिमीटर खोल काढायचे आहे, त्यामुळे लेझर नको. कटर ३.१७५ मिलिमीटरचा, दोन धारांचा आहे. लाकूड आणि ॲल्युमिनियम दोन्हींना १०,००० आरपीएम, मिनिटाला १०० मिलिमीटर फीड आणि १ मिलिमीटरचा पास दिला होता. कटर जपावा म्हणून फीड मुद्दाम कमी ठेवला.

शिरोलीचा_मिलर:
करपण्याचे कारण तिथेच आहे. १०० ला १०,००० आणि दोन धारांनी भागा, म्हणजे प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.००५ मिलिमीटर येते. एवढ्याशा घासात लाकूड कापले जात नाही, नुसते घासले जाते आणि तापते. फीड ६०० करा आणि पास ०.५ वर आणा. ॲल्युमिनियमसाठी एका धारेचा कटर, ०.१ मिलिमीटरचा पास, २०० चा फीड आणि अधूनमधून रॉकेलचा थेंब द्या, नाहीतर धातू धारेला चिकटतो आणि कटर तुटतो. आम्ही कारखान्यात ज्या व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या मोठ्या सीएनसी यंत्रावर) काम करतो तिचा सांगाडा बिडाचा आणि काही टन वजनाचा असतो. तुमचे यंत्र दोन हातांनी उचलता येते, म्हणून तेवढ्या खोल पासची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका. वर्तुळासाठी वाय (उभ्या) अक्षाच्या कपलिंगचे, म्हणजे मोटार आणि स्क्रू जोडणाऱ्या तुकड्याचे, ग्रब स्क्रू (बारीक आवळस्क्रू) तपासा, आणि ते घट्ट असतील तर नटमधला बॅकलॅश (ढिलेपणा) पाहा.

सातारकर_अभि:
मोटारीकडचा ग्रब स्क्रू खरोखरच सैल होता, तो आवळल्यावर वर्तुळ उभे ५९.९ भरले. सागवानाचा आधी पिठासारखा काळपट भुगा पडत होता, आता पिवळसर बारीक ढलप्या पडतात आणि कडा स्वच्छ आहेत. पाटी वेळेत होईल, मनापासून आभार. ॲल्युमिनियमचा पहिला ब्रॅकेटही निघाला, पण त्याला पन्नास मिनिटे लागली आणि मला वीस नग हवे आहेत.

स्वतः_जोडा:
म्हणूनच मी बॉलस्क्रू सुचवत होतो.

शिरोलीचा_मिलर:
वीस नगांसाठी नवे यंत्र कशाला? एक नग याच यंत्रावर काढून मापे आणि भोके पक्की करून घ्या, आणि तीच फाइल जवळच्या एमआयडीसीत जॉबवर्कला द्या. फक्त देण्याआधी पट्टीचा ग्रेड विचारून घ्या, कारण मऊ ॲल्युमिनियम चिकटते आणि ६०६१ टी६ हा कडक ग्रेड बराच स्वच्छ कापला जातो. तुमची पट्टी कोणती आहे, हे तुम्ही अजूनही लिहिलेले नाही.