परसातली मोसंबी पांचट लागते, गोडी कशी वाढवावी?

नमस्कार मंडळी,

धायरीला आमच्या घरामागे सासऱ्यांनी लावलेलं मोसंबीचं कलम आहे. झाड आता चांगलं वाढलंय, फळंही इतकी धरतात की गल्लीत वाटून उरतात. पण चव नाही. आंबट असती तर साखर घालून सरबत तरी केलं असतं, ही नुसतीच पांचट. अंगावर उभ्या बारीक रेषा आहेत, बुडाशी नाण्याएवढं गोल वर्तुळ आहे, म्हणजे जात मोसंबीचीच. कापली की साल जाड निघते आणि रस भरपूर, पण पाण्यासारखा.

ऊन सकाळपासून दुपारपर्यंत मिळतं, नंतर शेजारच्या इमारतीची सावली. जमीन काळी, खाली मुरूम. मोरीचं पाणी पाटाने बुंध्याशी जातं, बारा महिने. पावसाळ्याच्या तोंडाला शेणखत देतो, आणि युरिया तेव्हाही आणि दिवाळीतही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. फळं गणपतीच्या सुमारास उतरवतो.

कुणी गुळाचं पाणी घाला म्हणतं, कुणी मूठभर मीठ, तर कुणी सरळ झाड काढून टाका म्हणतं. काढायचं तर अजिबात नाही. सासरे आता फारसे उठत नाहीत, त्यांना त्यांच्या झाडाची गोड मोसंबी खाऊ घालायची आहे. नेमकं काय करू?

प्रतिसाद

ताई, मीठ मुळीच घालू नका. लिंबूवर्गातल्या झाडांना खारेपणा सोसत नाही, मुळं जातील. गुळाचाही उपयोग नाही, फळातली साखर पानं बनवतात. म्हणून वाळक्या आणि आत दाटलेल्या फांद्या काढा, जेवढं ऊन मिळतंय ते आतल्या पानांपर्यंत पोचू द्या.

मला पहिली शंका काढणीची येते. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि तिथून फळ तयार व्हायला आठ-नऊ महिने लागतात. गणपतीत फळ आकाराने भरलेलं दिसतं, पण गोडी उतरायची असते. मोसंबी आंब्यासारखी अढीत पिकत नाही, तोडली की जेवढी गोडी आली तेवढीच. सालीच्या रंगावरही जाऊ नका, रात्री गार पडेपर्यंत ती हिरवटच राहते. दसऱ्यानंतर दर आठवड्याला एक फळ तोडून चाखा आणि मनासारखी लागली की उतरवा. फार काळही ठेवू नका, देठाकडून कोरडी पडायला लागते.

दुसरं, तो पाट आजच वळवा. फळ तयार होताना पाणी जास्त झालं की ते फुगतं आणि रस पातळ होतो. शिवाय बुंधा सतत ओला राहिला तर डिंक्या रोग येतो. बुंध्याला मातीची भर द्या आणि भर दुपारी झाडाची सावली पडते त्या घेराच्या कडेने बांगडीसारखं आळं करा. पाणी तिथेच द्यायचं, साबणाचं नको.

दिवाळीतला युरिया बंद करा. त्यातलं नत्र जास्त झालं की साल जाडावते. पिवळी पानं बहुधा जस्ताच्या कमतरतेची आहेत. झिंक सल्फेट लिटरला 5 ग्रॅम आणि त्याच्या निम्मा भिजवलेला चुना, गाळून, नवी पालवी आली की फवारा.

कलम जंबेरी खुंटावरचं (खुंट म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते मुळाकडचं रोप) असेल तर फळ थोडं जाड सालीचंच राहील. रंगपूर खुंटावरची फळं त्या मानाने सरस असतात. पण त्यासाठी झाड काढायची गरज नाही, वरच्या गोष्टींनीच बराच फरक पडतो.

धागाकर्ती

खूप आभार. पाट आज संध्याकाळीच वळवून घेते. यंदा फळं गणपतीत उतरवणार नाही. एकच विचारते, बहारासाठी पाणी तोडून ताण देतात म्हणे, तो घरच्या झाडालाही द्यायचा का? किती दिवस?

प्रतिसाद

द्या, पण आधी फळं उतरवून घ्या. डिसेंबरात पाणी तोडा. दिवस मोजण्यापेक्षा पानांकडे बघा, ती मलूल होऊन थोडी पिवळी पडली, काही गळायला लागली की पुरे. काळ्या जमिनीत याला वेळ लागतो, मुरमाडीत लवकर होतं. मग शेणखत घालून पहिलं पाणी हलकंच द्या, एकदम भरपूर दिलंत तर फुलांऐवजी पालवीच फुटेल.