खासबागेतील कुस्त्या आणि दाजीपूरचे पक्षी: मिररलेस घ्यावा की डीएसएलआर?

प्रश्न (शाहूपुरीकर):
नमस्कार मंडळी. आतापर्यंत मोबाइलवर छायाचित्रे काढत आलो. आता पहिला कॅमेरा घ्यायचा आहे आणि कॅनन ईओएस १५००डी हा डीएसएलआर (आत आरसा असलेला) की ईओएस आर५० हा मिररलेस (आरसा नसलेला), याचा निर्णय होत नाही. आवड मुख्यतः कोल्हापूरच्या खासबाग मैदानातील कुस्त्यांची आणि दाजीपूरच्या जंगलातील पक्ष्यांची आहे. मामांकडून कॅननच्या ५० मिमी एफ/१.८ आणि ५५-२५० मिमी अशा दोन जुन्या लेन्स मला मिळणार आहेत. दुकानदारांच्या मते डीएसएलआर स्वस्त पडेल आणि त्याची बॅटरीही जास्त चालेल. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (तांबडी माती):
दुकानदार म्हणतात ते खरे आहे, पण कुस्तीसाठी खरा प्रश्न फोकसचा आहे. १५००डीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोकसचे केवळ ९ बिंदू असून ते चौकटीच्या मध्यभागी दाटलेले आहेत. पैलवानाने ढाक हा डाव मारला की प्रतिस्पर्ध्याचा चेहरा क्षणात चौकटीच्या कडेला जातो, तिथे एकही बिंदू नसतो आणि फोकस मागच्या प्रेक्षकांवर जाऊन बसतो. आर५०मध्ये फोकसचे काम मुख्य सेन्सरच (छायाचित्र टिपणारा भाग) करत असल्यामुळे जवळजवळ संपूर्ण चौकटीत माणसाचा डोळा ओळखून त्याचा माग ठेवला जातो. पक्ष्यांनाही तो ओळखतो. वेगाचा फरकही मोठा आहे: १५००डी सेकंदाला ३ छायाचित्रे घेतो, तर आर५० १२. मात्र रॉ फाइल (प्रक्रिया न केलेले, आकाराने मोठे छायाचित्र) घेत असाल तर आर५०चा बफर (कार्डावर जाईपर्यंत छायाचित्रे ठेवणारी तात्पुरती मेमरी) लवकर भरतो, म्हणून डाव लागण्याच्या नेमक्या क्षणीच बटण दाबावे. दिवे लागल्यावर पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर (पडदा न हलवता सेन्सरनेच छायाचित्र घेणे) वापरू नये, कारण एलईडीच्या प्रकाशात छायाचित्रावर आडवे पट्टे येतात.

मी निःसंकोच आर५० घ्या असे म्हणेन.

उत्तर (पंचगंगेकाठी):
वरील मताशी सहमत आहे, पण अ‍ॅडॉप्टरचा (जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवणाऱ्या जोडणीचा) खर्च आधीच हिशेबात धरावा. मामांच्या लेन्स ईएफ आणि ईएफ-एस माउंटच्या (कॅननच्या डीएसएलआरवर बसणाऱ्या) असणार. त्या आर५०वर थेट बसत नाहीत, कॅननचा ईएफ-ईओएस आर अ‍ॅडॉप्टर लावला की ऑटोफोकससह व्यवस्थित चालतात. अ‍ॅडॉप्टरमध्ये काच नसल्यामुळे छायाचित्राच्या दर्जात फरक पडत नाही.

दाजीपूरच्या दाट झाडीत मात्र २५० मिमीला एफ/५.६ एवढेच लहान छिद्र (उजेड आत येण्याची वाट) मिळते आणि सकाळच्या अपुऱ्या उजेडात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) भरपूर वाढवावा लागतो. ही अडचण लेन्सची आहे, त्यामुळे कोणताही कॅमेरा घेतला तरी ती राहणारच. खासबागेत संध्याकाळी जास्त उजेड घेणारी ५० मिमी लावून हौद्याच्या (कुस्तीच्या मातीच्या जागेच्या) शक्य तितके जवळ बसावे.

उत्तर (राधानगरी वाट):
माझे मत थोडे वेगळे आहे. जंगलात दिवसभर फिरायचे असेल तर बॅटरी ही किरकोळ बाब नाही. १५००डी एका चार्जिंगमध्ये सुमारे ५०० छायाचित्रे देतो. आर५०ची बॅटरी, विशेषतः व्ह्यूफाइंडर सतत डोळ्याला असेल तर, बरीच लवकर संपते. मिररलेस घेतलाच तर दुसरी बॅटरी त्याच दिवशी घ्यावी. दोन्ही कॅमेऱ्यांना पाण्यापासून संरक्षण देणारे सीलिंग नाही, हेही लक्षात असू द्यावे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडच्या पावसाळ्यामुळे मला फार महत्त्वाची वाटते: मामांच्या लेन्स घेण्याआधी एका बाजूने टॉर्चचा उजेड टाकून दुसऱ्या बाजूने आतली काच नीट पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे. तशी लेन्स आधी स्वच्छ करून घ्यावी आणि मगच तिच्यासाठी अ‍ॅडॉप्टरवर पैसे घालावेत. पुढे दोन्ही लेन्स सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवाव्यात.

शाहूपुरीकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आजच लेन्स टॉर्चने तपासतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलाल उधळत असताना मिररलेसची लेन्स बदलणे कितपत सुरक्षित आहे?

उत्तर (तांबडी माती):
तिथे लेन्स बदलूच नये. डीएसएलआरमध्ये सेन्सरच्या पुढे आरसा आणि शटरचा पडदा असतो. आर५०ची लेन्स काढताच सेन्सर उघडा पडतो. घरूनच एक लेन्स लावून निघावे.