शब्दचर्चा : 'शिक्षापद' म्हणजे शिक्षा नव्हे, मग काय?

बालवाडीताई (दापोली तालुका)
पूर्वी बालवाडी घ्यायचे, आता पहिली-दुसरी एकत्र घेते. शाळा खाडीकाठची, निम्म्या पोरांच्या घरी होडी. बुद्धपौर्णिमा उन्हाळ्याच्या सुट्टीत जाते, म्हणून १४ एप्रिलच्या आदल्या दिवशीच पंचशील सांगायला घेतलं. एकाच्या घरी रोज वंदना होते. त्याने उभं राहून खणखणीत म्हटलं, 'पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि.' मी फळ्यावर अर्थ लिहिला : जीवहिंसेपासून दूर राहण्याचं शिक्षापद मी ग्रहण करतो.

'ग्रहण' म्हणजे चंद्राला लागतं ते, हे पहिलं. मग मागच्या बाकावरून, 'बाई, चुकलं की बुद्ध काय शिक्षा करतो? अंगठे धरायला लावतो?' ते निस्तरतेय तोवर एक मुलगी हळूच म्हणाली, 'माझा बाबा रोज मासे मारतो.' वर्ग एकदम चिडीचूप.

सहा वर्षांच्या पोराला कळेल असा 'शिक्षापदा'ला मराठी शब्द सुचवा. आणि त्या मुलीला काय सांगू?

जुना पंतोजी
ताई, घोळ मराठीनेच घातलाय. 'शिक्ष्' हा धातू 'शक्' म्हणजे समर्थ असणे यापासून आला. जमावं अशी इच्छा धरणे, हा त्याचा मूळ अर्थ. सहा वेदांगांतली 'शिक्षा' म्हणजे उच्चारशास्त्र, हिंदीत 'शिक्षा' म्हणजे सरळ शिक्षण. आपण तेवढी ती दंडाला वाहिली. 'थांब, चांगलाच शिकवतो तुला' असं आपण म्हणतो तेव्हा कुणी पाढे शिकवत नसतो!

पण पालीतला 'सिक्खा' आपल्याकडे दुसऱ्या वाटेने शाबूत आला आहे : 'शिकणे'. फळ्यावरचं 'शिक्षा' पुसा, 'शिकणं' लिहा, अर्धं काम झालं. अजून एक शब्द देतो, 'सेख'. ज्याचं शिकणं अजून चालू आहे तो सेख. ज्याचं संपलं तो असेख, म्हणजे अर्हत, पूर्ण मुक्त झालेला. तुमचा अख्खा वर्ग सेख, आणि तुम्हीही.

महाडकर
आमच्या घरी पुष्कळ जण 'शपथ घेतो' असा अर्थ सांगायचे. मला तो लहानपणी फार जड जायचा. शपथ मोडली की आई मरते, एवढंच शपथेबद्दल माहीत होतं. पेन्सिल ढापली की दुसऱ्या शीलाची आठवण होऊन रात्री आईचा श्वास ऐकत बसायचो.

आता त्या मुलीचं. ओळीतलं शेवटचं पद बघा, 'समादियामि'. प्रथम पुरुषी, एकवचनी : मी घेतो. त्यात 'तू मारू नकोस' असं कुठेही नाही. पाचही शीलांचा शेवट हाच. म्हणजे ही ओळ दुसऱ्याच्या बापाला लावताच येत नाही, व्याकरणच आड येतं.

हर्णैकर
व्याकरण ठीक आहे हो, पण पोरीला घरी जाऊन बाबाच्या ताटातला बांगडा बघायचाय. बाप पापी आहे असं मनात बसता कामा नये, एवढं बघा.

एक सांगू? १ जून ते ३१ जुलै यंत्राच्या होड्यांना मासेमारीची बंदी असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी शिवायला बसलेली माणसं. माश्यांना अंडी घालायला सवड मिळावी म्हणून. ते पोरांना डोळ्यांसमोर दिसतं. तिथून सुरू करा.

जुना पंतोजी
वा! भिक्खूंचा वर्षावासही याच दिवसांतला, आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, कारण दिलंय : भिक्षू पावसात हिंडतात, हिरवं गवत आणि बारीक जीव पायाखाली तुडवतात, अशी लोकांनी कुरकुर केली. बुद्धाने ती ऐकली आणि एका जागी राहायला सांगितलं. कोकणातल्या पोराला पावसातली पायवाट आणि तिच्यावरचे पैसाकिडे वेगळे समजवावे लागत नाहीत.

बालवाडीताई
सगळ्यांचे आभार. 'शिक्षापदा'साठी मला 'वळण' शब्द फार आवडला होता. अक्षराचं वळण रोज गिरवून येतं, शीलही तसंच. पण काल वर्गात राहुलाची गोष्ट करून दाखवली आणि तो शब्द मागे पडला.

मज्झिम निकायात, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहात आहे ती. राहुल म्हणजे बुद्धाचा मुलगा. तो लहान, परंपरा सात वर्षांचा सांगते. बुद्ध पाय धुतो, भांड्यात थोडंसं पाणी उरवतो आणि म्हणतो, जाणूनबुजून खोटं बोलायला लाज नाही त्याचं श्रमणपण, म्हणजे भिक्खूपण, एवढंसंच. मग ते पाणी फेकतो, भांडं पालथं करतो, पुन्हा सुलटं करून रिकामं दाखवतो. नंतर विचारतो, आरसा कशासाठी असतो? बघण्यासाठी. तसंच काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर बघ. राजस्थानातल्या बैराटच्या शिलालेखात सम्राट अशोकाने भिक्खूंना जे पाठ ऐकायला सुचवले त्यात हाही आहे, हे नंतर वाचलं.

मी शाळेतला पाण्याचा तांब्या घेतला. पालथा केल्यावर पोरं हसली. सुलटा करून आत दाखवला तेव्हा कुणी हसलं नाही.

जुना पंतोजी
'वळण' सुटलं ते बरं झालं. वळण दुसरा लावतो, सिक्खापद आपण घेतो. मग फळ्यावर काय लिहिलंत?

बालवाडीताई
'न मारायला मी शिकतो.' 'वेरमणी'तलं दूर राहणं त्यात पुरतं येत नाही, मान्य. पण 'शिकतो' म्हटल्यावर पोरं चुकायला घाबरत नाहीत.

आणि ती मुलगी आज मधल्या सुट्टीत आली. म्हणाली, 'बाई, आमचा बाबा पण शिकतो. जून आणि जुलैत.'

हर्णैकर
आमच्याकडे काही जण त्या दोन महिन्यांतही चोरून जातात, ते तिला इतक्यात सांगू नका.