सोलापुरात कम्युनिटी रेडिओवर एलजीबीटीक्यू गायक-वादकांचा लाइव्ह शो करायचाय, मुलाखत कशी घ्यावी?

रेडिओवेडा_सोलापूर
नमस्कार मंडळी. इथल्या एका कम्युनिटी रेडिओवर मी हौसेनं निवेदन करतो, पीकपाणी, आज्ज्यांच्या रेसिपी, कॉलेजच्या पोरापोरींची गाणी असलं सगळं. आता शनिवारी संध्याकाळी सातचा एक तास मिळायलाय. डोक्यात असं आहे की तृतीयपंथी, गे, लेस्बियन, बाय, जे कोणी गाणारे-वाजवणारे आपल्या भागात हैत त्यांना स्टुडिओत बोलवायचं, दोन-तीन गाणी लाइव्ह, मधे गप्पा आणि शेवटी श्रोत्यांचे फोन. मॅनेजर नाही म्हणाले नाहीत, पण कमिटीपुढं लिहून दे आणि असं आधी कुणी केलंय का ते दाखव म्हणाले. दुसरं टेन्शन म्हणजे फोनवर कुणी घाण बोललं तर काय करायचं, आणि तिसरं म्हणजे पाहुण्यांचं, सोलापूर केवढंसं हो, नुसत्या आवाजावरून लोक ओळखतात हा अशोक चौकातल्या अमक्याचा पोरगा म्हणून. कुणी असलं काही केलं असेल तर सांगा, नुसतं "छान उपक्रम" नको 🙏

माजी_निवेदक
कमिटीला दाखवायला हे घ्या. बंगळूरच्या रेडिओ ॲक्टिव्ह ९०.४ वर ट्रान्सजेंडर आरजेंनी स्वतः कार्यक्रम केलेत, आणि तेही तुमच्यासारखंच कम्युनिटी स्टेशन. बंगळुरातूनच २०१३ साली क्यूरेडिओ नावाचं इंटरनेट चॅनल निघालं. २०१७ मध्ये इश्क १०४.८ एफएमवर "गेडिओ" नावाचा शो आला, एलजीबीटीक्यूंसाठी काम करणारं हमसफर ट्रस्ट सोबत होतं आणि निवेदक हरीश अय्यर. म्हणजे हे काही आकाशातून पडलेलं नाही. कमिटीतले कोणी काका "हे कायद्यात बसतं का" विचारतीलच, तर ६ सप्टेंबर २०१८ ची सुप्रीम कोर्टाच्या निकालाची बातमी प्रिंट काढून न्या, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा विषय तिथंच संपतो.

आता नियमाचं. कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावायला चालतात. त्यामुळं पाहुणा बोलता बोलता परवाच्या मोर्चावर नाहीतर नगरसेवकावर घसरला तर तुम्ही हळूच गाण्याकडं वळवायचं. शिवाय जे प्रसारित होतं त्याचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवावं लागतं, हे पाहुण्याला आधीच सांगा. लाइव्ह म्हणजे हवेत विरून गेलं असं वाटतं लोकांना, तसं नसतं.

परवानगी मात्र वेगवेगळी घ्या. रेडिओवर हो म्हणणारा माणूस रीलवर हो म्हणालाय असं धरू नका. शंभर वॅटचा ट्रान्समीटर दहा-पंधरा किलोमीटर जाईल, फेसबुकवरची क्लिप पाहुण्याच्या मामाच्या गावात पोचते. सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या पुट्टास्वामी निकालात लैंगिक कल हा खासगीपणाचाच भाग मानलाय, तेव्हा कोणाबद्दल काय सांगायचं हे त्या माणसानंच ठरवायचं. एका कागदावर लिहून घ्या, कोणतं नाव वापरायचं, फोटो चालेल का, नेटवर टाकायचं का, आणि गेला म्हणायचं की गेली. मराठीत क्रियापद तोंडातून निघालं की परत घेता येत नाही.

साऊंडवाला_पिंट्या
फोनचं टेन्शन घेऊ नको बे. दोन कामं कर. एक, सात-आठ सेकंदांचा डिले लाव, म्हणजे आवाज तेवढा उशिरा हवेत जातो, कॉम्प्युटरवरून ऑन एअर जात असेल तर सॉफ्टवेअरमधेच होतं, कोणी शिवी दिली की बटण दाबायचं नि तेवढा तुकडा गायब. दोन, फोन थेट उचलूच नको. बाहेर एक पोरगी नाहीतर पोरगा बसव, तो आधी बोलेल, नाव-प्रश्न लिहून घेईल, मग आत देईल. आमच्याकडं तर आम्ही व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेजच मागवतो, ऐकून चांगले तेवढे लावायचे, भांडणच नाही. आणि फोन मिक्सरला जोडताना त्याला त्याचा स्वतःचा आवाज परत जाऊ देऊ नको, ऑक्स सेंडमधून (मिक्सरमधून वेगळा आवाज बाहेर पाठवायची वाट) फोनवाल्याचा चॅनल शून्य करून बाकीचं मिक्स त्याला पाठव, नाहीतर बिचारा स्वतःचाच घुमणारा आवाज ऐकून अडखळतो आणि लोकांना वाटतं घाबरला.

लाइव्ह गाण्याला कंडेन्सर माइक वापरू नको, कम्युनिटी रेडिओची खोली म्हणजे बहुतेक वेळा कॉलेजचा जुना वर्ग, फॅनपासून रिक्षाच्या हॉर्नपर्यंत सगळं ओढतो तो. साधे डायनॅमिक घे. ढोलकीवाला गाणाऱ्याच्या शेजारी नको, समोर बसव, म्हणजे गाणाऱ्याच्या माइकची पाठ ढोलकीकडं येते आणि ती कमी शिरते. पेटीला माइक वरून, भात्याच्या बाजूनं नको, नुसतं फुसफुस ऐकू येतं.

कडक_भाकरी
माफ करा पण गाणं ते गाणं. त्यात गे नि बाय कशाला? चांगलं गात असेल तर नेहमीच्या कार्यक्रमात बोलवा की. वेगळा डबा कशाला लावताय गाडीला?

सुरपेटी
@कडक_भाकरी नेहमीच्या कार्यक्रमात बोलवत नाहीत दादा, म्हणून.

मी ट्रान्स आहे, ऑर्केस्ट्रात गाते, श्रावणात भजनाला बसते. मागं एका यूट्यूबवाल्यानं बोलावलं होतं. जवळजवळ पाऊण तास घरच्यांना कधी कळलं, ऑपरेशन झालं का, पहिलं प्रेम कोण, आणि शेवटी म्हणाला ताई एक कडवं म्हणा. तेसुद्धा जाहिरातीखाली दाबलं. तर @रेडिओवेडा_सोलापूर माझं एवढंच म्हणणं आहे की माइक लागला की आधी गाऊ द्या. पहिलं वाक्य गाण्याचं असू द्या. मग विचारा की गुरू कोण, कुठल्या पट्टीत गाता, सुपारी किती मिळते, मंडपात साऊंड खराब असला की काय करता. आमच्या आयुष्याचं त्यातूनच बाहेर येतं हो, ओढून काढायला लागत नाही. माझंच सांगते, मी काळी दोनमध्ये गाते आणि लोक म्हणतात बाई आहेस तर बाईच्या पट्टीत गा. इस्ट्रोजेननं आवाज बारीक होत नाही, जे काय होतं ते रियाजानं. उलट माझा एक मित्र आहे, ट्रान्स पुरुष, टेस्टोस्टेरॉन सुरू केल्यावर त्याचा आवाज फुटला, वरचा सा गेला तो गेलाच, दोन वर्षं त्यानं खालच्या पट्टीत सगळी गाणी नव्यानं बसवली. हे तो स्वतः रंगवून सांगतो, कारण हा गाण्याचाच प्रश्न आहे. पण हे त्यानं काढलं तर. तुम्ही हार्मोन कोणते घेता असं विचारून सुरुवात केलीत तर तो उठून जाईल, मीही जाईन.

आणि मानधन. "एक्स्पोजर मिळेल" म्हणू नका, रिक्षाचं भाडं तरी द्या.

रेडिओवेडा_सोलापूर
@सुरपेटी हे लिहून ठेवलं, पहिलं गाणं मग गप्पा. एक शंका सगळ्यांना, एक तबलजी आहे, घरी माहीत नाही, यायला तयार आहे पण ओळखलं जाईल म्हणून भितोय. आवाज बदलून लावला तर?

साऊंडवाला_पिंट्या
आवाज बदलून मुलाखत ऐकली की क्राइम शो वाटतो, करू नको. आणि गाणाऱ्याचा बदलला तर राहिलं काय. तबलजीच आहे ना? मग त्याला बोलायलाच कशाला लावतोस, नुसतं वाजवू दे. तू म्हण "तबल्यावर आमचे एक मित्र", बस्स. गाणारा असा असेल तर त्याची चाल दुसऱ्यानं गायची, श्रेय ज्या नावानं पाहिजे त्या नावानं. आणि स्वतःचीच गाणी गायला सांग सगळ्यांना, पिक्चरची गाणी लाइव्ह म्हटली की आयपीआरएसच्या, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेच्या, लायसन्सचं बघावं लागतं, स्टेशननं घेतलंय का विचार आधी.

चौंडकं_वाजवणारा
सगळे ऑर्केस्ट्राचं बोलायलेत, आपल्या भागात त्याच्याआधीपासूनचे कलाकार हैत की. यल्लम्मा देवीला वाहिलेले जोगते, त्यातले बरेच बाईच्या वेषात असतात. चौंडकं म्हणजे एका तारेचं वाद्य, ते काखेत धरून तार ताणून सैल करून जो सूर काढतात तो कुठल्या कीबोर्डवर निघत नाही, सोबत तुणतुणं, आणि गाणी अर्धी मराठी अर्धी कन्नड, आपल्या सोलापूरला दोन्ही कळतं. कर्नाटकच्या ट्रान्स कलाकार मंजम्मा जोगती यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली, तिकडच्या जनपद अकादमीच्या अध्यक्षा होत्या त्या. कमिटीला हे पण सांगा, पद्मश्री म्हटलं की काकालोक गप्प बसतात 😄

पण दोन गोष्टी. मंगळवार-शुक्रवार त्यांना बोलवू नका, जोगव्याचे दिवस. तुमचा शनिवार बरा. आणि प्रत्येक जोगत्याला तुमचं ते एलजीबीटीक्यू लेबल लावू नका, कुणी देवीला सोडलेला असतो, कुणी स्वतःला बाई मानतो, कुणी घरसंसार करून आहे. विचारा, देवीचा म्हणून आलोय म्हणाला तर तेवढंच सांगा. माइक चौंडक्याच्या फार जवळ ठेवलात तर नुसता घुमेल, हातभर लांब ठेवा.

कडक_भाकरी
बरं, जोगत्यांचा भाग असेल तर मी ऐकणार. माझी आज्जी जोगव्याला सूप भरून द्यायची. तरी माझं म्हणणं तेच, दिवाळीच्या स्पेशलला पण बोलवा ह्यांना, नुसतं शनिवारी सातला नको.

सुरपेटी
हे मात्र बरोबर बोललात दादा.

माजी_निवेदक
एक राहिलं. असा कार्यक्रम लागला की फोन फक्त फर्माइशीचे येत नाहीत. कोणी पोरगं रडत फोन करतं. त्याला ऑन एअर घेऊ नका, बाहेर बसलेल्यानं शांतपणे ऐकून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ द्यायचा, मराठीत बोलतात, चोवीस तास. नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा, ऐनवेळी सापडत नाही.

रेडिओवेडा_सोलापूर
धन्यवाद सगळ्यांना. ठरलं असं, पहिले काही भाग दुपारी रेकॉर्ड करून सातला लावतो, हात बसला की लाइव्ह. फोनऐवजी व्हॉइस मेसेज. @सुरपेटी तुम्ही पहिल्या भागाला याल का, मेसेज केलाय. मानधनाचं मॅनेजरांशी बोललो, थोडंच आहे पण आहे. आता अडचण माइकची, स्टेशनकडं चांगला एकच आहे, ढोलकी आणि पेटीला कुणाकडं उसने मिळतील?

साऊंडवाला_पिंट्या
दोन डायनॅमिक देतो, स्टँड एकच आहे. केबल तुझ्या तू आण, माझ्या गणपतीत गेल्या त्या अजून परत आल्या नाहीत.