चौथीच्या वर्गाला वारली चित्रं: गेरू सुटतोय, पांढरा गुलाबी पडतोय

कलाबाई: 40 मुलं, 35 मिनिटांची तासिका. गेरू पाण्यात कालवून कागदाला लावला, तर वाळल्यावरही बोटाला लागतो. वरचा पांढरा गुलाबी पडतो. काय करावं?

रंगपेटी: मॅडम, नुसत्या पाण्यातला गेरू कागद धरत नाही. ओला ब्रश फिरला की उठतो आणि पांढऱ्यात मिसळतो. 100 ग्रॅम गेरूला साधारण दोन मोठे चमचे फेव्हिकॉल घाला, मग ताकाइतकं पातळ होईपर्यंत पाणी. फडक्यातून गाळा, नाहीतर खडे ओरखडे पाडतात. फेव्हिकॉल जास्त झाला तर तुकतुकी येते, पांढरा वर नीट बसत नाही.

खडूफळा: थर आदल्या दिवशीच द्या, एका तासिकेत दोन्ही होत नाही. पातळ ड्रॉइंग पेपर गुंडाळतो, कार्डशीटच घ्या. खरं तर तपकिरी कार्डशीट आणली तर गेरूची कटकटच नको! पांढरा पोस्टर कलर दह्याइतका घट्ट ठेवा. तांदळाच्या पिठाचा केलात तर त्याच दिवशी संपवा, आंबतो.

काडीपेन्सिल: मुलं आधी डोकं काढतात, मग धडाला जागा उरत नाही. आधी दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, मग डोकं, हातपाय शेवटी. 0 नंबरचा ब्रश किंवा उदबत्तीची काडी. तारपा नाचाला (तारपा वाद्य वाजवणाऱ्याभोवती फेर धरून केलेला नाच) पेन्सिलीने फिकट वळसा काढून माणसांच्या जागी ठिपके द्या. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, 2011) यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र जरूर दाखवा.

रंगपेटी: आणि गेरूचा डाग गणवेशावरून सहज जात नाही. घरचा जुना शर्ट वरून उलटा घालायला सांगा.