मदत हवी आहे: तेनेरिफे (स्पेनचं बेट), सोबत सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा

मुक्काम किनाऱ्यावरच्या कोस्ता अदेखेला, गाडी भाड्याची. तेइदे ज्वालामुखीचा रोपवे 2,356 मीटरवरून आठेक मिनिटांत 3,555 मीटरवर नेतो. सासूबाईंना बीपी आहे. समुद्रसपाटीवरून थेट तिथे म्हणजे धाप लागणारच, त्यामुळे त्या वर येणार नाहीत. शिखराचं (3,715 मी.) वेगळं परमिट काढत नाही.

प्रश्न असे: आम्ही वर असताना त्या आणि मुलगा खालच्या रोकेस दे गार्सिया खडकांपाशी थांबले तर सावली, स्वच्छतागृह, बसायला जागा मिळेल का? वाऱ्यामुळे रोपवे ऐनवेळी बंद होतो, तेव्हा सकाळचं पहिलं बुकिंग बरं की दुपारचं? आणि सान्तियागो देल तेइदेहून मास्का या डोंगरातल्या गावाचा अरुंद, वळणावळणाचा रस्ता त्याच दिवशी जोडू नये असं वाटतं. मुलाला गाडी लागते. कुणी जोडलाय का?