जुन्या दुसऱ्या पीसीसाठी स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड: आपापले अनुभव लिहा

कामाचा लॅपटॉप वेगळा आहे. हॉलमधला डेस्कटॉप म्हणजे इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि नंतर टाकलेली एसएसडी. त्यावर लेकीचे जुने गेम आणि आईची कीर्तनं चालतात. घरचे म्हणतात भंगारात द्या, मला वाटतं पाच-सहा हजारांचं कार्ड टाकून अजून ओढावा. कार्डांच्या याद्या नेटवर ढीगभर आहेत. स्वतः बसवलंय त्यांनी लिहा, जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ठाणे
कार्ड नंतर, आधी कॅबिनेट उघडा आणि पॉवर सप्लायचं स्टिकर वाचा. वर मोठ्या अक्षरात '४५० वॅट' असतं, ते सोडून द्या. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा, त्याला बाराने गुणा. खरी ताकद तेवढीच. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला ७५ वॅटपर्यंत देतो, त्यामुळे वेगळी वायर न लागणारं कार्डच आपल्या कामाचं. मी सेकंडहँड जीटीएक्स १०५० टीआय घेतलं, ४ जीबीचं. मॉडेल २०१६ चं, पण लेकाचे गेम १०८० पीला मध्यम सेटिंगवर मस्त चालतात. नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आता थांबलेत, सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत आहेत. दुसऱ्या पीसीला आणखी काय हवं?

नागपूर
जीटी १०३० घेणार असाल तर खोक्याची मागची बाजू वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. नाव एकच, पण एकात जीडीडीआर५ मेमरी आणि दुसऱ्यात साधी डीडीआर४. पहिल्याची बँडविड्थ (मेमरीतून माहिती ने-आण करायचा वेग) सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्याची १७ सुद्धा नाही. गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतो. दुकानदार 'सेमच आहे हो' म्हणाला, मी म्हटलं मग जीडीडीआर५ वालंच द्या. गोदामातून आणायला त्याने तासभर लावला, पण आणलं.

पुणे
दादा, आईंची कीर्तनं अडकतात म्हणून कार्ड घेत असाल तर थांबा. यूट्यूब बरेच व्हिडिओ व्हीपी९ नावाच्या नव्या फॉरमॅटमध्ये दाबून पाठवतं आणि तुमच्या आय५च्या आतल्या ग्राफिक्सला ते हार्डवेअरवर उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. ब्राउझरमध्ये एच२६४ या जुन्या, तुमच्या आय५ला झेपणाऱ्या फॉरमॅटची सक्ती करणारं फुकटचं एक्स्टेंशन मिळतं. आमच्या सासऱ्यांच्या पीसीवर तेच टाकलं, पंख्याची घरघर बंद. ४के मात्र विसरायचं.

कोल्हापूर
माझ्याकडे ऑफिसातून निघालेला चपटा पीसी, त्यात फक्त अर्ध्या उंचीचं कार्ड बसतं. आरएक्स ६४०० घेतलं, ५३ वॅट, वायर नको. खोक्यात छोटी पत्र्याची पट्टी असते. मोठी काढून ती लावायची, दोनच स्क्रू, पण इतके बारीक की एक कार्पेटमध्ये गेला तो गेलाच. आता मेख: हे कार्ड स्लॉटच्या चारच लेन (माहितीच्या वाटा) वापरतं. स्लॉट पीसीआय एक्स्प्रेस ४.० या पिढीचा असेल तर ठीक, पण तुमच्या जमान्यातल्या बोर्डावर जास्तीत जास्त ३.०, म्हणजे वाट निम्मी. कार्डाची ४ जीबी भरली की गेम ठेचकाळतो. व्हिडिओ एन्कोडर (रेकॉर्डिंग दाबून साठवणारा भाग) ही नाही, गेम रेकॉर्ड करणाऱ्यांनी नाद सोडावा.

बंगळुरू (मूळचा सोलापूरकर)
इथे एसपी रोडला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, स्वस्त आरएक्स ५८० मिळतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डं दिवसरात्र चालवून नाणी कमावणं) बंद झालं आणि राबराब राबवलेली कार्डं बाजारात आली. १८५ वॅटचं धूड आहे, आठ पिनांची वायर लागते. जुन्या सप्लायवर लावणं म्हणजे बैलगाडीला ट्रकचं इंजिन.

रत्नागिरी
मॉनिटर कुठला? नुसतं व्हीजीए (जुनं निळं, स्क्रूवालं कनेक्शन) असेल तर १०५० टीआय काय नि १०३० काय, थेट जोडता येणार नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागेल. आणि इंटेल आर्क ए३८० कुणी सुचवलं तर हात जोडा. त्याला नीट चालायला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो, तो तुमच्या बोर्डात नाही.

धागाकर्ता
पुण्याच्या ताईंचा उपाय चालला, आई खूश. मॉनिटरला एचडीएमआय आहे. स्टिकर वाचलं: १२ व्होल्टला १६ अँपिअर, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर ७७, कार्ड ७५. गेमपुरतं १०५० टीआय बसेल ना?

ठाणे
हिशेबात बसतं. पण सप्लाय पीसीइतकाच जुना आणि लोकल असेल तर मी लावणार नाही. एक तर सप्लाय बदला, नाहीतर ३० वॅटचं १०३० घ्या, नागपूरकर म्हणतात ते जीडीडीआर५ वालं. सप्लाय कधीचा आहे?